पुलमनचा रोनो

२३७वा. नोव्हेंबर १९७८ मध्ये अमेरिकेत मॅडिसनला झालेल्या आंतरविद्यापीठ क्रॉसकंट्री (ट्रॅकबाहेर, गवता-मातीवरून पळायच्या) स्पर्धेत हेन्री रोनोचा नंबर हा होता. पहिला आला ओरेगॉनचा अल्बर्टो सालाझार. त्याच्यामागून दोनशेहून जास्त पोरं आत आली, घाम पुसून, स्वेटर चढवून मोकळी झाली असतील, तेव्हा कुठं वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचा हा केनियन विद्यार्थी पोचला. त्या घटकेला ३००० मीटर, ५००० मीटर, १०,००० मीटर आणि ३००० मीटर स्टीपलचेस (अडथळ्यांची शर्यत) या चारही शर्यतींचे जागतिक विक्रम त्याच्या नावावर होते. चारही त्याच वर्षी केलेले.

रोनोवर लिहिणारे बहुतेक जण विक्रमांपासून सुरुवात करतात आणि दारूपाशी येऊन थांबतात. मला हा २३७ जास्त छळतो. कारण आधीची दोन वर्षं, १९७६ आणि १९७७ मध्ये, हीच स्पर्धा त्यानं जिंकली होती. आणि पुढच्या वर्षी, १९७९ मध्ये, त्याच सालाझारला मागं टाकून पुन्हा जिंकली. पहिला, पहिला, दोनशे सदतिसावा, पहिला. एखाद्याच्या मार्कशीटवर असे आकडे दिसले तर आपण टायपिस्टला फोन करू.

ही स्पर्धा तीनदा जिंकणारे पुरुष इतिहासात मोजकेच. जेरी लिंडग्रेन, स्टीव्ह प्रीफॉन्टेन, मग रोनो आणि बऱ्याच वर्षांनी एडवर्ड चेसेरेक. गंमत अशी की पहिल्या तिघांचंही तिसरं वर्ष कोरडं गेलं. लिंडग्रेन १९६६, १९६७ आणि १९६९. प्रीफॉन्टेन १९७०, १९७१ आणि १९७३. कारणं तिघांची निरनिराळी आहेत, त्यातून काही सिद्ध करायला जाऊ नये. पण लिंडग्रेन हाही रोनोच्याच विद्यापीठाचा. म्हणजे ते विद्यापीठ ज्या पुलमन नावाच्या आडगावात आहे, तिथं असं काहीतरी होतं खरं.

पुलमन वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व टोकाला आहे. आजूबाजूला सगळ्या गव्हाच्या टेकड्या, लाटांसारख्या एकामागून एक. मसूरही तिथं भरपूर पिकतो, इतका की गावात मसुराची जत्रा भरते. हिवाळ्यात बर्फ. रोनो १९७६ मध्ये इथं शिष्यवृत्तीवर आला. प्रशिक्षक जॉन चॅपलिन यांनी केनियातून धावपटू आणायला आधीच सुरुवात केली होती, त्यामुळे रोनो एकटा नव्हता. पण तो आला ते केनियातल्या नांदी हिल्सच्या बाजूनं, चहाच्या मळ्यांच्या मुलखातून. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या आसपासचा तो प्रदेश. जन्म १२ फेब्रुवारी १९५२ चा. लहानपणी सायकलच्या चाकात पाय अडकून असा जायबंदी झाला की कित्येक वर्षं त्याला धड चालता येत नव्हतं. वडील लवकर गेले. त्याच्याच नांदी जमातीतला किपचोगे केइनो १९६८ मध्ये मेक्सिकोला १५०० मीटरचं आणि १९७२ मध्ये म्युनिकला स्टीपलचेसचं सुवर्ण घेऊन आला, आणि त्या भागातल्या प्रत्येक पोराला आपल्या पायांकडं बघायचं एक नवं कारण मिळालं.

अमेरिकेत कॉलेजच्या खेळाडूला शिक्षण फुकट मिळतं, राहणं-खाणं मिळतं, उत्तम मैदानं मिळतात. बदल्यात त्यानं विद्यापीठासाठी गुण मिळवायचे. पावसाळा संपता संपता आपल्याकडं जसे आंतरमहाविद्यालयीन सामने लागतात आणि दोन-तीन महिन्यांत आटोपतात, तसं ते नाही. शरद ऋतूत क्रॉसकंट्री, थंडीत बंदिस्त स्टेडियममधल्या शर्यती, वसंतात ट्रॅक. एक मोसम संपला की दुसरा लागलेलाच. चांगल्या पोराला एकाच दिवशी दोन शर्यतींत उतरवणं हीही नेहमीची गोष्ट, कारण गुण संघाचे असतात आणि पाय त्याचे.

रोनोनं पहिल्याच वर्षी, १९७६ च्या क्रॉसकंट्रीत, १० किलोमीटर २८ मिनिटं ६.६ सेकंदांत पळून दाखवले. दुसरा आला त्याच्याच संघातला सॅमसन किमोम्ब्वा. या किमोम्ब्वानं पुढच्या उन्हाळ्यात हेलसिंकीला १०,००० मीटरचा जागतिक विक्रम मोडला. एका गावातल्या एका कॉलेजच्या सरावात असे दोघं शेजारी-शेजारी पळत होते, हे डोळ्यांपुढं आणून बघा. सकाळी लेक्चरला जाणारी मुलं त्यांना ओलांडून जात असतील.

मग १९७८ आलं. ८ एप्रिलला कॅलिफोर्नियात बर्कलीला मोसमातली एक साधी विद्यापीठीय स्पर्धा होती. टीव्ही नाही, युरोपातल्या मोठ्या मैदानांसारखी रात्रीची गर्दी नाही. रोनो जवळजवळ एकटाच पळत होता. ५००० मीटर, १३ मिनिटं ८.४ सेकंद. न्यूझीलंडच्या डिक क्वॅक्सचा विक्रम साडेचार सेकंदांनी मोडला. १३ मे ला सिएटलमध्ये स्टीपलचेस ८ मिनिटं ५.४ सेकंदांत, आधीचा विक्रम स्वीडनच्या अँडर्स गार्डरुडनं माँट्रियल ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत केलेला होता, ८:०८.०. जूनच्या सुरुवातीला युजीनला आंतरविद्यापीठ राष्ट्रीय स्पर्धेत स्टीपलचेसचं विजेतेपद, ८:१२.३९. तिथून थेट युरोप. ११ जूनला व्हिएन्नात १०,००० मीटर २७:२२.५, म्हणजे किमोम्ब्वाच्या विक्रमापेक्षा आठ सेकंद कमी. २७ जूनला ऑस्लोत ३००० मीटर ७:३२.१, तिथं इंग्लंडच्या ब्रेंडन फॉस्टरचा विक्रम तीन सेकंदांनी गेला. पहिल्यापासून चौथ्यापर्यंत ८१ दिवस.

हे आकडे वाचून डोळ्यांवरून नुसते निघून जातात, म्हणून जरा आपल्या भाषेत मांडतो. आमच्या तालुक्याच्या गावी रोज पहाटे मैदानावर पोलीस भरतीची मुलं येतात. त्यांचं सगळं जग एका शब्दात मावतं, सोळाशे. सोळाशे मीटर पाच-सव्वापाच मिनिटांच्या आसपास काढले की पैकीच्या पैकी गुण. त्यासाठी पोरं वर्ष-वर्ष घासतात, खोल्या घेऊन राहतात, घरी पैसे मागायला लाजतात. रोनोचा १०,००० मीटरचा वेग पकडला तर सोळाशे होतात ४ मिनिटं २३ सेकंदांत. आणि असे सोळाशे एकामागून एक सहा वेळा, वर थोडं आणखी, मधे श्वास घ्यायला न थांबता. हे गणित मी त्या मुलांना सांगितलं तेव्हा एकानं बूट काढून तळवा दाबत विचारलं, "खरं का काका?" दुसरा म्हणाला, "डोपिंग असंल." आजच्या काळात हा संशय पहिला येतो, त्यात मुलाचा दोष नाही.

स्टीपलचेस तर त्याहून वेडी शर्यत. २८ वेळा अडथळे, शिवाय ७ वेळा पाण्यात उडी. पुरुषांचा अडथळा ९१.४ सेंटिमीटर उंच, म्हणजे साधारण कमरेइतका, आणि तो हर्डलसारखा धक्क्यानं पडत नाही. पाय लागला तर तुम्ही पडता. फेरीच्या मधेच लय तुटते, ओले बूट जड होतात, पुन्हा वेग धरायचा. रोनो काही देखण्या उड्या मारणारा नव्हता. तो अडथळ्यांच्या मधल्या जमिनीवर शर्यत जिंकायचा. त्याचा हा विक्रम १९८९ पर्यंत टिकला आणि मोडला तो पीटर कोएचनं, ८:०५.३५ मध्ये. अवघा पाच शतांश सेकंदांचा फरक. कोएचही वॉशिंग्टन स्टेटचाच! ३००० मीटरचा विक्रमही त्याच साली मोरोक्कोच्या सैद अवितानं मोडेपर्यंत अकरा वर्षं उभा होता.

ऑस्लोनंतर तरी तो थांबला का? जुलैमध्ये अल्जिअर्सला आफ्रिकी क्रीडास्पर्धांत १०,००० आणि स्टीपलचेसची सुवर्णपदकं. ऑगस्टमध्ये कॅनडातल्या एडमंटनला राष्ट्रकुल स्पर्धांत ५००० आणि स्टीपलचेसची सुवर्णपदकं. आणि मग परत कॉलेज, परत क्रॉसकंट्री, परत संघासाठी गुण. आता तो २३७ वाचा. एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत या माणसानं शरीराकडून जे वसूल केलं होतं त्याची परतफेड नोव्हेंबरात मॅडिसनच्या गवतावर झाली, असं मला वाटतं. देशालाही तो हवा होता, कॉलेजलाही, युरोपातल्या आयोजकांनाही. प्रत्येकाचं मागणं आपापल्या जागी रास्त होतं. सगळ्यांची बेरीज करणारं मात्र कोणी नव्हतं. आजच्या धावपटूच्या मागं फिजिओ असतो, वर्षाचं वेळापत्रक आखणारा माणूस असतो. त्या काळात खेळाडू अधिकृतपणे हौशी होता. पैसे घ्यायला बंदी, त्यामुळे जे मिळायचं ते पाकिटातून, हळूच. मग पैसा कसा सांभाळायचा हे उघडपणे शिकवणार कोण?

अमेरिकेत तेव्हा कुरकूरही चालू होती. वॉशिंग्टन स्टेट आणि टेक्सासमधलं एल पासो, ही विद्यापीठं आफ्रिकेतून वयानं मोठे, कसलेले धावपटू आणतात आणि आमच्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांना त्यांच्यासमोर उभं करतात, असं तिथले बरेच प्रशिक्षक म्हणायचे. रोनोनं पहिलं विजेतेपद मिळवलं तेव्हा तो चोविशीचा होता, त्यामुळे तक्रार अगदीच हवेतली नव्हती. पण त्याच चोविशीच्या माणसाला जगातही कोणी गाठू शकत नव्हतं, तेव्हा अठरा वर्षांच्या मुलांची सबब किती ताणायची हाही प्रश्न आहेच.

आता ऑलिंपिक. रोनोच्या नावापुढं ऑलिंपिकचं पदक नाही, कारण तो ऑलिंपिक कधी पळलाच नाही. १९७६ मध्ये माँट्रियलसाठी केनियाच्या संघात तो होता. न्यूझीलंडचा रग्बी संघ वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेत खेळायला गेला, त्याच्या निषेधात वीसहून जास्त, बहुतेक आफ्रिकी, देशांनी माघार घेतली. १९८० मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या म्हणून अमेरिकेच्या हाकेला ओ देऊन केनियानं मॉस्कोवर बहिष्कार टाकला. पहिल्या बहिष्काराशी माझं भांडण नाही. वर्णद्वेषाविरुद्ध उभं राहण्यासाठी ती किंमत कोणीतरी मोजायलाच हवी होती. दुसऱ्याबद्दल मी तेवढं ठामपणे बोलणार नाही. आपण दोन्ही वेळा गेलो होतो. माँट्रियलला आपला श्रीराम सिंग ८०० मीटरच्या अंतिम फेरीत १:४५.७७ पळून सातवा आला आणि शिवनाथ सिंग मॅरेथॉनमध्ये अकरावा. मॉस्कोत, निम्मे बलाढ्य संघ गैरहजर असताना, हॉकीचं सुवर्ण मिळालं. त्याचा आनंद आपण अजून विनातक्रार साजरा करतो.

इथून पुढं रोनोची गोष्ट सांगण्याची एक ठरलेली वाट आहे. ऑलिंपिक हुकलं, मन मोडलं, दारूत बुडाला. ऐकायला ही साखळी बरी वाटते, पण तारखा तिला साथ देत नाहीत. त्याचं पिणं सुरू झालं ते पुलमनमध्ये, विक्रमांच्याच दिवसांत. जिंकणारा रोनो आणि पिणारा रोनो हे एकाच खोलीत राहत होते. घरापासून हजारो मैल, परकी भाषा, परक्या थंडीतला एक माणूस, ज्याच्याशी प्रत्येकाला फक्त पुढच्या शर्यतीबद्दलच बोलायचं आहे. मॉस्कोवरचा बहिष्कार नसता तर तो प्यायला नसता असं म्हणणं म्हणजे त्याच्या आयुष्यातला गुंता आपल्या सोयीसाठी सोडवून टाकणं. आणि आपल्याकडं ऑलिंपिक पदकाशिवाय कारकीर्द पुरी होत नाही अशी जी समजूत आहे, ती त्याच्यावर लादणंही.

याचा सगळ्यात मोठा पुरावा १९८१ चा. त्या उन्हाळ्यात तो युरोपात आला तेव्हा त्याचं वजन चांगलंच वाढलं होतं. सुरुवातीच्या शर्यतींत त्याचे निकाल बघवत नव्हते. लोक हसले असणार. त्यानं काय केलं, तर शर्यतींतूनच सराव केला. या गावी पळ, त्या गावी पळ, हर, पुन्हा पळ. आठवड्या-आठवड्यानं वेळ खाली येत गेली. १३ सप्टेंबरला नॉर्वेत बर्गनजवळच्या क्नार्विक नावाच्या छोट्या गावात त्यानं ५००० मीटर १३ मिनिटं ६.२० सेकंदांत काढले. स्वतःचाच जागतिक विक्रम मोडला. आदल्या रात्री आपण प्यायलो होतो आणि सकाळी तासभर पळून ती उतरवली, हे त्यानं नंतर स्वतःच सांगितलं. हा किस्सा लोक मिटक्या मारत सांगतात. मला त्यात मर्दुमकी दिसत नाही आणि नुसती कीवही येत नाही. एवढंच दिसतं की १९७८ चं ते सामर्थ्य अजून शाबूत होतं, मॉस्कोनंतरही, दारूसकट. पुढच्या वर्षी जुलैत इंग्लंडच्या डेव्ह मूरक्रॉफ्टनं १३:००.४१ पळून तो विक्रम मोडला, आणि रोनोचं नाव हळूहळू पहिल्या पानावरून उतरलं.

पुढची वर्षं वाईट गेली. पैसा टिकला नाही. डोक्यावर छप्पर नाही असे दिवस आले, दारू सोडवण्यासाठी उपचार झाले, पुन्हा घसरण झाली. त्यानं गाड्या धुतल्या, पार्किंगमध्ये काम केलं. अमेरिकेतल्या अल्बुकर्की शहराच्या विमानतळावर प्रवाशांच्या बॅगा उचलल्या. मग तो सावरला, आणि तेही सावकाश. अल्बुकर्कीतच विशेष मुलांना शिकवू लागला, धावपटूंना मार्गदर्शन करू लागला, आत्मचरित्र लिहिलं. पन्नाशी उलटल्यावर वजन उतरवून वयोगटातल्या मैलाच्या विक्रमाच्या मागं लागला. तो काही हाती आला नाही, पण पंचावन्नाव्या वर्षी विक्रमाच्या मागं लागावंसं वाटणं हेच मला त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त आवडतं. २०१९ मध्ये तो केनियाला परतला. १५ फेब्रुवारी २०२४ ला नैरोबीत गेला. बहात्तरावा वाढदिवस होऊन तीनच दिवस झाले होते. त्याआधी चार दिवस मॅरेथॉनचा विक्रमवीर केल्विन किप्टम २४ व्या वर्षी मोटार अपघातात गेला होता. जगाचे अश्रू तिकडं वाहत होते, ते योग्यच होतं. रोनोची बातमी मला तर किप्टमबद्दल शोधताना, खाली कुठंतरी सापडली.

तो गेला त्या दिवशीही अमेरिकन विद्यापीठांचा स्टीपलचेसचा विक्रम त्याचाच होता. सिएटलमधला, ८:०५.४. शेहेचाळीस वर्षं होत आली होती. त्या काळात ट्रॅक सुधारले, बूट सुधारले, उंचावरचे सराव, रक्ताच्या तपासण्या, सगळं आलं. जगातून निवडून आणलेली मुलं त्या विद्यापीठांत पळाली, आणि हा आकडा तसाच.

हे सगळं मी मैदानावरच्या मुलांना सांगतो ते अविनाश साबळेच्या निमित्तानं. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश. बारावीनंतर सैन्यात भरती झाला आणि तिथं धावपटू झाला. आपल्याकडं कॉलेज हा धावण्याचा रस्ताच नाही. आहे तो वर्दीचा. कॉलेज फार तर खेळाचे वाढीव गुण देतं आणि प्रमाणपत्राला लॅमिनेशन करून घ्यायला सांगतं. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुलमध्ये अविनाशनं ८:११.२० मध्ये रौप्य घेतलं, सुवर्णापासून पाच शतांश सेकंद मागं. स्टीपलचेसमध्ये १९९४ नंतर पहिल्यांदाच केनियाबाहेरच्या माणसाला राष्ट्रकुल पदक मिळालं. रोनोनं एडमंटनला जिंकली ती हीच शर्यत. २०२४ च्या जुलैत पॅरिसला अविनाश ८:०९.९१ पळाला, राष्ट्रीय विक्रम.

मुलांपैकी एक जण गणितात पक्का आहे, पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत त्याला चांगले गुण पडतात. त्यानं मोबाईल काढून हिशेब केला. "म्हणजे काका, दोघं एकत्र पळाले असते तर तो आत गेला तेव्हा साबळे सर अजून अठ्ठावीस मीटर मागं." मग तो जरा वेळ रोनोचा जुना, दाणेदार व्हिडिओ बघत राहिला. बाकीचेही मान वाकवून बघत होते. पदकं किती, हे कोणी विचारलं नाही. गणितवाल्यानं विचारलं, "एवढं पळून त्याला नोकरी कुठली लागली?"

मी सांगितलं. गाड्या धुतल्या, बॅगा उचलल्या, मग मुलांना शिकवलं.

"शिकवायची परमनंट होती का?" तो म्हणाला.